कुकरच्या शिट्ट्या, डी. एन. रोड आणि सहा मजले : व्यायामाला वेळ काढण्याच्या बारा आठवड्यांच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४ – तयारी

आधी दिवसाचा साचा. घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. ऑफिस मंत्रालयाच्या परिसरात, सहाव्या मजल्यावर, ९:४५ ते ६:१५, शनिवार-रविवार सुट्टी. सकाळी ५:४५ ला नळाला पाणी, ६:१५ पासून डबे, ७:०५ ला शाळेची बस, ७:४० ला घर सोडायचं, आठच्या सुमाराची फास्ट, ९:१० च्या आसपास सीएसएमटी. संध्याकाळी घरी यायला पावणेआठ ते सव्वाआठ. त्यानंतर स्वयंपाक, जेवण, मुलाचा अभ्यास, आवराआवर. पाठ टेकेपर्यंत साडेअकरा.

लक्ष्य: आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, मोठ्या माणसांसाठी १५० ते ३०० मिनिटं.

नोंद ठेवायला ॲप नको. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरे, तारखेच्या चौकोनात मिनिटांचा आकडा लिहायचा. आजच मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर झालंय, म्हणजे मुहूर्त जरा चुकलाच.

सोमवार १० ते शुक्रवार १४ जून – पहाटेचा प्रयोग

गजर ४:५० चा. सोमवार-मंगळवार जमलं, बुधवारी गजर बंद करून झोप, गुरुवारी परत जमलं. मात्र गुरुवारी संध्याकाळी गाडीत डोळा लागला तो थेट कल्याणला उघडला. परत डोंबिवलीला येण्यात ४० मिनिटं गेली. शुक्रवारी गजर ऐकूच आला नाही.

हिशेब केल्यावर कळतं की हे होणारच होतं. साडेअकरा ते ४:५० म्हणजे झोप ५ तास २० मिनिटं. पहाट लवकर हवी तर रात्र लवकर संपायला हवी, आणि इथे रात्रीचं जेवणच नऊला होतं. झोपायची वेळ हलणार नसेल तर गजर मागे नेण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक तयारीतली. उठल्यापासून पाणी येईपर्यंत ५५ मिनिटं मिळतात. त्यात तोंड धुणं, चहा, अंधारात कपडे आणि मॅट शोधणं, घरचे जागे होऊ नयेत म्हणून सगळं दबक्या पावलांनी. प्रत्यक्ष व्यायाम २४ मिनिटं.

आठवड्याची बेरीज ७२. पहाट रद्द.

शनिवार, १५ जून

स्टेशनजवळच्या एका जिमची तीन महिन्यांची फी भरली, ४,५०० रुपये. पैसे भरले की जाणं होतं असं सगळेच सांगतात.

गुरुवार, २७ जून – जिमचा निकाल

तेरा दिवसांत पाच वेळा जाणं झालं. रात्री ८:३० ते ९:३० या वेळेला अख्खं डोंबिवली गाडीतून उतरून तिथेच येतं. बारबेलच्या एकेका स्टँडमागे तिघं-चौघं उभे. घरातून निघून घरात परत येईपर्यंत १ तास ३५ मिनिटं, त्यातला व्यायाम ३५ मिनिटं. जेवण साडेदहावर गेलं, झोप साडेबारावर.

जिम वाईट नव्हती, वेळ वाईट होती. सकाळी अकराला जाऊ शकणाऱ्याला तिथे राजेशाही असेल. फी भरण्याआधी आपल्याच वेळेला एकदा जाऊन, दारात दहा मिनिटं उभं राहून गर्दी बघायला हवी होती. साडेचार हजार वाचले असते. फी परत मिळत नाही, म्हणून पाच दिवसांचे दिवसाला ९०० रुपये पडले.

शुक्रवार, २८ जून – वाट बघण्याची मोजणी

या आठवड्यात एकच काम केलं: दिवसात कुठे कुठे नुसतं उभं राहावं लागतं ते घड्याळ लावून मोजलं. 'मोकळा वेळ' शोधला तर तो सापडत नाही, तो नसतोच. वाट बघण्याचा वेळ मात्र भरपूर निघाला.

सीएसएमटीबाहेर शेअर टॅक्सीची रांग ६ ते १४ मिनिटं, सरासरी ९. टॅक्सीचा प्रवास आणखी ९. ऑफिसच्या लिफ्टची सकाळची वाट ४ मिनिटं, दुपारी जेवणानंतर ३. रात्री कुकर लावल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंत १२ ते १३. नळाला पाणी येतं ती ४५ मिनिटं मोकळी वाटतात, पण दर पाच मिनिटांनी पिंप बघायला उठावं लागतं, म्हणून ती धरली नाहीत. गाडीतला वेळही धरला नाही. आठच्या फास्टमध्ये टाचा उचलायचा व्यायाम करा असं लिहिणाऱ्यांनी एकदा डोंबिवलीहून चढून दाखवावं.

हे तुकडे लहान आहेत म्हणून वाया जातील ही शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वीच्या सूचनांत एका वेळी किमान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती. २०२० च्या सूचनांत ती काढली आहे, दोन मिनिटांचा जिनाही मोजायचा.

सोमवार, १ जुलै – चालणं सुरू

सीएसएमटी ते ऑफिस साधारण सव्वादोन किलोमीटर. सबवेतून डी. एन. रोडच्या बाजूला वर, तिथून हुतात्मा चौक, मग हायकोर्टाकडे वळून कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाने राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान उजव्या हाताला ठेवून थेट मादाम कामा रोड. वेळ २६ मिनिटं, पावलं २,९००, म्हणजे मिनिटाला ११० च्या वर. मिनिटाला १०० च्या पुढे गेलं की ते मध्यम व्यायामात बसतं. मैदानाकडे बघत रमतगमत गेलं तर ३३ मिनिटं लागतात आणि दमही लागत नाही.

टॅक्सीला रांग धरून १८ मिनिटं लागतातच. म्हणून २६ मिनिटांच्या या व्यायामाची खरी किंमत फक्त ८ मिनिटं. हे गणित कागदावर मांडेपर्यंत चालणं म्हणजे 'अर्धा तास जास्त' असंच डोक्यात होतं.

डी. एन. रोडच्या जुन्या इमारतींखालच्या कमानी पावसात देवासारख्या धावून येतात. हुतात्मा चौकापर्यंतची बरीचशी वाट छत्री मिटून होते. मात्र फेरीवाल्यांमुळे तिथे वेग पडतो. घाई असेल तर बाहेरचा फुटपाथ.

बुधवार, ३ जुलै – घाम

गणितात एक खर्च राहिला होता. जुलैच्या दमट हवेत २६ मिनिटं झपाझप चालल्यावर शर्ट पाठीला चिकटतो आणि तसंच पंख्याखाली बसलं की दुपारपर्यंत अंग आंबतं. आता ड्रॉवरमध्ये दोन बनियन, एक नॅपकिन आणि इस्त्रीचा एक शर्ट कायमचा. खर्च ४२० रुपये, शर्ट घरचाच. बदलायला ५ मिनिटं. म्हणजे चालण्याची खरी किंमत ८ नव्हे, १३ मिनिटं. हजेरीचं यंत्र तळमजल्यावर आहे, म्हणून आधी हजेरी, मग कपडे.

नियम ठरला: गाडी सीएसएमटीला ९:१५ च्या आत लागली तर चालायचं, नंतर लागली तर मुकाट टॅक्सी. हा निर्णय फलाटावर उभं राहून घ्यायचा नाही, घड्याळाने घ्यायचा. फलाटावर विचार करत राहिलं की उत्तर नेहमी टॅक्सी येतं.

संध्याकाळीही चालून बघितलं. २६ मिनिटांत सीएसएमटी येतं, पण ठरलेली गाडी गेलेली असते आणि पुढच्या गाडीत बसायला मिळत नाही. डोंबिवलीपर्यंत उभं राहून आलं की रात्रीचा स्वयंपाक जड जातो. संध्याकाळी टॅक्सीच.

सोमवार, ८ जुलै – गाड्या बंद

रात्री एक ते सकाळी सात एवढ्या वेळात काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. मध्य रेल्वे ठप्प, ऑफिसला जाणं रद्द. अख्खा दिवस घरी.

व्यायाम: शून्य.

आतापर्यंतच्या सगळ्या नोंदींपेक्षा ही जास्त शिकवून गेली. आज बारा तास मोकळे होते. चहा दोनदा झाला, कांदाभजी झाली, बातम्या झाल्या. 'जरा वेळाने करू' म्हणता म्हणता रात्र झाली. म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच. चालणं टिकलं ते त्याला खुंटी आहे म्हणून: गाडी लागली की पाय आपोआप सबवेकडे वळतात. घरातल्या व्यायामाला खुंटीच नाही, म्हणून तो कुठेही टांगला तरी खाली पडतो. घरात खुंटी शोधायची.

गुरुवार, ११ जुलै – चिखल्या

पायाच्या बोटांमध्ये खाज, कातडी पांढरी पडून सोललेली. चिखल्या. कारण सरळ आहे: ओले मोजे, बंद बूट आणि वर ऑफिसचे आठ तास. चालण्याचे दोन दिवस बुडाले.

उपाय: पावसाळाभर चालायला रबरी पट्ट्यांचे फ्लोटर, ६९९ रुपये. बूट आणि कोरडे मोजे ड्रॉवरमध्ये. पोचल्यावर बोटांच्या बेचक्या नॅपकिनने नीट पुसायच्या, मग बुरशीनाशक पावडर, मग मोजे. गुळगुळीत तळव्याचे फ्लोटर घेऊ नयेत, सबवेच्या ओल्या पायऱ्यांवर सरकतात. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही. पायाला जखम असेल तर लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते, आणि चुकून गेलंच तर डॉक्टरांना लगेच विचारायचं.

शनिवार, १३ जुलै – कुकर

घरातली खुंटी सापडली. रात्री कुकर रोज लागतो, त्याला रजा नाही.

पाच लिटरचा कुकर, खाली एक वाटी तूरडाळ, वर दीड वाटी तांदूळ. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी साधारण आठव्या मिनिटाला. आच मध्यम केली की दुसरी दहाव्याला, तिसरी बारा-साडेबाराला. पहिल्या शिट्टीपर्यंत फेऱ्या: १५ बैठका, ओट्याला हात टेकून १० जोर, ३० सेकंद प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ ताठ धरणं), अर्धा मिनिट दम. अशा तीन होतात. पहिल्या शिट्टीनंतर तिसरीपर्यंत सूर्यनमस्कार, एकाला २५ सेकंद धरली तर आठ-दहा.

मोबाइलच्या गजरापेक्षा शिट्टी बरी, कारण तिच्याबरोबर व्हॉट्सॲप येत नाही. मोबाइल हातात घेऊन 'फक्त टायमर लावतो' म्हटलेली सहा मिनिटं या महिन्यात बऱ्याचदा गेली आहेत.

ओट्यावर जोर काढताना शेगडीपासून लांबचं टोक घ्यायचं, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. सिंकच्या बाजूचा ग्रॅनाइट ओला असतो, आधी पुसायचा. जेवणाचं टेबल वापरू नये, फरशीवर सरकतं. बैठका आणि सूर्यनमस्कार हॉलमध्ये. स्वयंपाकघरात उकाडा आणि तेलकट फरशी, दोन्ही नको.

घरातल्या दोघांनी दिवस वाटून घेतले. ज्याची कुकरची पाळी त्याचा व्यायाम, दुसऱ्याने अभ्यासाला बसायचं.

मंगळवार, १६ जुलै – डाळ करपली

शिट्टीवर सगळा भरवसा टाकण्याचं फळ. फेऱ्या चालू, सूर्यनमस्कार चालू, शिट्टी काही होईना. एकोणिसाव्या मिनिटाला वास आला. गॅस्केट सैल पडली होती, कडेने वाफ जात होती, पाणी आटलं, डाळ तळाला लागली. नवी गॅस्केट ११० रुपये. व्यायामाच्या खर्चात ती धरली आहे, का नको?

आता दुसरी खूण भिंतीवरच्या घड्याळाची. दहा मिनिटांत पहिली शिट्टी नाही तर हातातला व्यायाम सोडून कुकर बघायचा.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. उपास, कुकर नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर सूर्यनमस्कार घालायचा प्रयत्न तिसऱ्या नमस्काराला सोडला. पोटभर खाल्ल्यावर निदान दोन तास वाकायचा व्यायाम नको.

सोमवार, २२ जुलै – खाडा

कॅलेंडरवर व्यायाम बुडालेल्या दिवशी 'ख' लिहायचं ठरलं. त्याच चौकोनात दुधाचे खाडेही लिहिले जातात. महिन्याचा हिशेब करताना दुधवाल्याचे चार दिवस जास्त कापले गेले, त्याने वही काढून दाखवली. आता व्यायामाचा खाडा लाल पेनाने, दुधाचा निळ्या.

नियम एकच: लागोपाठ दोन लाल खाडे नाहीत. एक खाडा कशानेही होतो, गाडी, पाहुणे, ताप. दुसऱ्या दिवशी मात्र निदान पाच मिनिटं, तेवढ्या दहा बैठका झाल्या तरी चौकोन भरला. बुडालेली मिनिटं रविवारी भरून काढायची नाहीत. मागे एका रविवारी ७० मिनिटं एकदम केली आणि सोमवार-मंगळवार गुडघे बोलत होते. म्हणजे भरपाईने दोन खाडे जास्तच झाले.

सोमवार, २९ जुलै – जिना

सहा मजले, मजल्याला २२ पायऱ्या, एकूण १३२. चढायला २ मिनिटं २० सेकंद. लिफ्टची वाट चार मिनिटं. इथे व्यायाम करून वर दीड मिनिट शिल्लक राहतं, असा सौदा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तरी पहिल्याच दिवशी चूक झाली: जोशात तीन वेळा चढ-उतार. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना टेबल धरावं लागलं. हे चढण्याने नाही, उतरण्याने होतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि सवय नसलेल्याला ते फार दुखतं. नवीन माणसाने पहिले दोन आठवडे जिन्याने चढावं, लिफ्टने उतरावं.

चढायचा क्रम: पहिल्या आठवड्यात तीन मजले जिना, पुढे लिफ्ट. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यापासून सहा, सकाळी एकदा आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने सावकाश एकदा. पूर्ण पाऊल पायरीवर, टाच बाहेर लोंबकळत नको, कठड्याला हात लागता राहू दे. डोंबिवली स्टेशनचा पूल या कामाला वापरू नये. तिथे मागून येणाऱ्या लोंढ्यासाठी आपण व्यायाम करत नसतो, वाट अडवत असतो.

छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, मजला मोजत बसायचं नाही. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल त्याने जिन्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शनिवार, ३ ऑगस्ट – रबरी पट्टा

बैठका आणि जोर झाले, पण ओढण्याचा व्यायामच नाही. दिवसभर संगणकापुढे वाकलेल्या पाठीला नेमका तोच हवा. घरात बार लावायला जागा नाही, म्हणून रेझिस्टन्स बँडचा संच, ६५० रुपये.

पहिलाच दिवस वाईट. दाराच्या फटीत अडकवायचा पट्टा मुख्य दाराला लावला आणि आत उभं राहून ओढलं. मुख्य दार आत उघडतं. ओढ सगळी लॅचवर आली, लॅच सुटली, दार खांद्यावर. नियम: ज्या खोलीत दार उघडतं त्या खोलीत उभं राहायचं नाही. बेडरूमचं दार बेडरूममध्ये उघडतं, तर हॉलमध्ये उभं राहून ओढायचं. मग प्रत्येक ओढीने दार चौकटीत आणखी घट्ट बसतं. शिवाय दाराला कडी, आणि मूल पलीकडे नाही याची खात्री.

पट्ट्यावर चीर दिसली की तो टाकायचा, विशेषतः मुठीजवळ. घामेजलेला तसाच ठेवला किंवा उन्हात टाकला तर रबर चिरतं. पुसून, पावडर लावून, सावलीत. कुकरच्या फेरीत आता प्लँकच्या जागी १२ ओढी, प्लँक एकाआड एक दिवस.

सोमवार, ५ ऑगस्ट

श्रावण सुरू. काल गटारी होती, कॅलेंडरवर लाल खाडा. आज दहा बैठका, चौकोन भरला.

मंगळवार, १३ ऑगस्ट – मनगट आणि मॅट

सूर्यनमस्कारात उजवं मनगट दुखू लागलं. दोन कारणं. एक, ४८० रुपयांची मॅट जाड आणि मऊ, तळहात रुततो आणि मनगट जास्त दुमडतं. दोन, बोटं जवळ ठेवून सगळा भार मनगटाच्या मुळावर टाकला जात होता. आता हात फरशीवर, फक्त गुडघे-पाय मॅटवर. बोटं पसरून तर्जनीच्या मुळाशी दाब. चार दिवस नमस्कार बंद ठेवले, त्या जागी बैठका. सतरंजी घेऊ नये, टाइल्सवर ती घसरगुंडी होते.

ओट्यावरचे १० जोर आता १८ होतात. म्हणून हात सोफ्याच्या कडेवर आणले, सोफा भिंतीला टेकलेला. पुन्हा ९ वर. हात जितके खाली तितका भार जास्त. संख्या १५ च्या पुढे गेली की उंची कमी करायची.

रविवार, १ सप्टेंबर – बाराव्या आठवड्याचा हिशेब

चालणं चार दिवस, १०४ मिनिटं, कारण गोपाळकाल्याला चालणं नाही. जिना आठ वेळा, २० मिनिटं. कुकर चार रात्री, ५२ मिनिटं. एकूण १७६. लाल खाडे: एक.

खर्च: जिम ४,५००, फ्लोटर ६९९, बनियन-नॅपकिन ४२०, गॅस्केट ११०, बँड ६५०, मॅट ४८०. एकूण ६,८५९. जिम वगळली तर २,३५९. मॅटही वगळता आली असती.

सुटलेलं काम: शनिवार-रविवार. तेव्हा गाडी नाही, जिना नाही, दुपारचा कुकर कोण लावणार ते ठरलेलं नाही. सध्या रविवारी भाजीच्या पिशव्या रिक्षाने न आणता दोन्ही हातांत तोलून चालत आणतो, चार-चार किलो, वीस मिनिटं. जड पिशवी एकाच हातात घेतली की कंबर तिरकी होते, म्हणून कांदे-बटाटे दोन्हीकडे वाटून.

शनिवारी, ७ तारखेला गणपती. त्या दिवशी रात्री कुकर नाही, मोदकपात्र. एक घाणा वाफवायला बारा-पंधरा मिनिटं, म्हणजे वेळ बरोबर बसते. पण मोदकपात्राला शिट्टी नसते. आणि घरी पाहुणे असताना हॉलमध्ये बैठका काढायच्या कुठे, ते अजून ठरायचंय.